गोळी थांबली की विषाणू परत का येतो?

एचआयव्हीच्या गोळ्या नियमित घेणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा व्हायरल लोडची तपासणी होते. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, हे त्यात मोजतात. गोळ्या चुकवल्या नसतील तर बहुतेकांचा अहवाल ‘विषाणू आढळला नाही’ असा येतो. वजन वाढलेलं असतं, प्रतिकारशक्तीतल्या सीडी-फोर पेशी सावरलेल्या असतात, शेतातलं किंवा कारखान्यातलं काम पूर्वीसारखं चालू असतं. तरीही सातारा-सांगलीच्या एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांतले डॉक्टर आणि समुपदेशक प्रत्येक खेपेला बजावतात, की गोळी बंद करायची नाही. यावर रुग्णाच्या मनात येणारा प्रश्न अगदी रास्त आहे. विषाणू आढळतच नाही, तर गोळी कशासाठी? आणि त्याच्याच पाठीमागे दुसरा प्रश्न उभा असतो. ही गोळी कधी सुटेल का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर शरीरातल्या काही मोजक्या, झोपी गेलेल्या पेशींत आहे. त्या पेशी नीट समजून घेतल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. रोजची गोळी आणि कायमचा इलाज या दोन वेगळ्या वाटा नाहीत. आज लवकर सुरू केलेले आणि खंड न पडू दिलेले उपचार ही कायमच्या इलाजाचीच पहिली पायरी आहे, आणि ती पायरी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांइतकीच सातारा जिल्ह्यातल्या पाटणसारख्या तालुक्यातही घडते आहे.

हा प्रश्न आपल्या भागाचा का आहे, ते आधी पाहू. कोयना, मोरणा, तारळी आणि वांग या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला पाटण तालुका डोंगराळ. जमिनीचे तुकडे लहान, शेती पावसाच्या भरवशावर. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या इथला तरुण मुंबईला गेला आणि गिरण्यांत, गोदीत, बाजारपेठांत अंगमेहनतीचं काम करू लागला. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. यात्रेला आणि गणपतीला गावी यायचं, बाकी वर्ष खोलीवर काढायचं, असं हे आयुष्य. खाली कऱ्हाडवरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा लक्षात आली ती १९८६ साली मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून. सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढच्या दशकात हा विषाणू रोजगाराच्या वाटांनीच पश्चिम महाराष्ट्रात पोचला. तो वाहतुकीबरोबर आणि स्थलांतराबरोबर आला, त्याचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणं हा अन्यायच होता. ज्यांनी गावाची वेस ओलांडली नव्हती, अशा कित्येक बायका नवऱ्याकडून आलेल्या लागणीनं आजारी पडल्या आणि बोलही त्यांनाच लागला. सांगलीत १९९२ साली मीना शेषू यांच्या पुढाकारानं ‘संग्राम’ या संस्थेचं काम सुरू झालं आणि गोकुळनगरसारख्या वस्त्यांतल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनी स्वतःच कंडोमचा आणि माहितीचा प्रसार हाती घेतला. त्यातूनच १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. औषधं परवडण्याच्या पलीकडे होती, तेव्हा या भागानं साथीला तोंड दिलं ते अशा संघटित शहाणपणाच्या बळावर.

औषधांची गोष्ट २००१ साली बदलली. पाश्चात्त्य कंपन्यांच्या तीन औषधांच्या उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त खर्च येत होता. त्या वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तोच उपचार ‘मेदसँ सान फ्राँतिएर’ या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनं एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून सीडी-फोर कितीही असो, निदान होताच उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. आज बहुतेक रुग्णांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधं असतात. ही तीन औषधं नेमकं काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे कळलं की गोळी थांबवल्यावर विषाणू परत का येतो, हेही कळतं.

एचआयव्ही स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला आपल्या प्रतिकारशक्तीतली सीडी-फोर पेशी लागते. पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी-फोर आणि सीसीआर-५ या प्रथिनांना धरून तो आत शिरतो. त्याचा जनुकीय मजकूर आरएनएच्या भाषेत असतो. आत गेल्यावर तो या मजकुराची डीएनएमध्ये उलटी नक्कल करतो. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन इथे आडवी येतात आणि नक्कल अर्धवट तोडतात. नक्कल पूर्ण झालीच तर इंटिग्रेज नावाचं विकर ती पेशीच्या मूळ डीएनएत शिवून टाकतं. डोल्युटेग्राविर या शिवणीला अटकाव करतं. म्हणजे तिन्ही औषधं नव्या पेशीला लागण होण्यापासून वाचवतात. पण शिवण एकदा पक्की झाली की या तिघांपैकी एकाचाही तिथे इलाज चालत नाही. माणसाच्या एका जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. त्यांत विषाणूची जेमतेम ९,७०० अक्षरं मिसळून गेलेली असतात. पेशी जागी आणि कामात असेल, तर ती ही अक्षरं वाचते, हजारो नवे विषाणू तयार करते आणि एक-दोन दिवसांत मरते. अशा पेशींची चिंता नाही, त्या गोळ्यांच्या आडोशाला आपोआप संपतात. खरी अडचण वेगळ्या पेशींची आहे. एखाद्या जंतूशी लढून झाल्यावर काही सीडी-फोर पेशी विश्रांतीत जातात, पुन्हा तोच जंतू आला तर उपयोगी पडाव्यात म्हणून वर्षानुवर्षं जगतात. आपल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिकारशक्तीचा, लशींच्या परिणामाचासुद्धा, पाया याच स्मृतिपेशी आहेत. विषाणूची शिवण पडलेली एखादी पेशी मरण्याऐवजी विश्रांतीत गेली, की तिच्यातला विषाणूही निजतो. जनुकं वाचली जात नाहीत, प्रथिनं बनत नाहीत, पृष्ठभागावर खूण दिसत नाही. प्रतिकारशक्तीला ती निरोगी पेशीच वाटते आणि औषधाला तिच्यात अडवण्याजोगी कुठलीच क्रिया सापडत नाही.

हे कळायला विज्ञानालाही वेळ लागला. १९९६ साली तीन औषधांचे उपचार सुरू झाले आणि रक्तातला विषाणू काही आठवड्यांत दिसेनासा झाला. तेव्हा दोन-तीन वर्षं औषधं दिली तर शरीर विषाणूमुक्त होईल, असं गणित मांडलं गेलं होतं. १९९७ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की उपचार उत्तम चालू असलेल्या रुग्णांच्या विश्रांत पेशींमध्ये पुन्हा वाढू शकणारा विषाणू शिल्लक आहे. साधारण दहा लाख विश्रांत पेशींमागे अशी एक पेशी. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटानं हा सुप्त साठा किती वेगानं कमी होतो ते मोजलं. तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालं. या वेगानं साठा पूर्ण संपायला सत्तरहून जास्त वर्षं अखंड औषधं घ्यावी लागतील. शेतकऱ्याला हा प्रकार हरळीवरून चटकन समजेल. वरची हरळी खुरपून काढली की रान स्वच्छ दिसतं, पण मातीतल्या कांड्या जिवंत असतात आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटतात. गोळी वरचं रान स्वच्छ ठेवते. ती बंद झाली, की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांतच विषाणू रक्तात परत दिसू लागतो.

साठा इतका हळू का घटतो, याचं कारण नंतरच्या संशोधनात सापडलं. या पेशी नुसत्या जगत नाहीत, तर वाढतात. स्मृतिपेशी एखाद्या जंतूला ओळखून किंवा शरीराच्या नेहमीच्या संदेशांना प्रतिसाद देऊन दुभंगते, तेव्हा तिच्या पोटातली विषाणूची अक्षरंही दोन पेशींत जातात. नवीन विषाणू बनत नाही, नवी लागण होत नाही, तरी साठा भरत राहतो. २०१४ साली दोन गटांनी एकाच पूर्वज पेशीच्या अशा अनेक जुळ्या पेशी उपचार घेणाऱ्यांच्या रक्तात शोधून काढल्या. दुसरीकडे, डीएनएत शिवलेल्या या मजकुरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मजकूर तुटके किंवा बिघडलेले असतात आणि त्यांतून विषाणू बनूच शकत नाही, हेही उघड झालं. म्हणजे साध्या तपासणीत विषाणूचं डीएनए दिसलं तरी त्यातलं धोक्याचं किती हे सांगता येत नाही. आणि धोक्याचं जे आहे ते रक्तापेक्षा लसिका ग्रंथींत आणि आतड्याच्या अस्तरात जास्त दडलेलं असतं. तिथे सुई सहज पोचत नाही. ‘आढळला नाही’ या शेऱ्याचा अर्थ म्हणूनच मर्यादित आहे. रक्तातून वाहणारा विषाणू नाही, एवढंच तो शेरा सांगतो. पेशींच्या पोटात काय आहे, याबद्दल तो मुळात बोलतच नाही.

मग कुणी बरं झालंच नाही का? झालं आहे. टिमोथी रे ब्राउन यांना एचआयव्हीबरोबर रक्ताचा कर्करोगही झाला होता. २००७ साली बर्लिनमध्ये डॉ. गेरो ह्युटर यांनी त्यांच्यासाठी असा मूलपेशीदाता निवडला, ज्याच्या दोन्ही जनुकप्रतींत सीसीआर-५ बिघडलेलं होतं. विषाणूला आत शिरायला दारच नसलेल्या नव्या पेशींनी जुन्यांची जागा घेतली. ब्राउन २०२० साली कर्करोग उलटल्यामुळे वारले, पण तोवरची बारा-तेरा वर्षं एचआयव्ही परतला नव्हता. २०१९ साली लंडनच्या अ‍ॅडम कास्तिएजो यांचं उदाहरण पुढे आलं, नंतर ड्युसेलडॉर्फ, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथली. यावर लगेच विचारलं जातं, की हाच उपाय सगळ्यांना का नाही? कारण हे प्रत्यारोपण जीवघेण्या कर्करोगासाठीच करतात. आधी जबर औषधांनी किंवा किरणांनी स्वतःची मज्जा नष्ट करावी लागते, नंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटू शकतात, आणि या सगळ्यात जीवही जाऊ शकतो. दिवसाला एका गोळीवर ठणठणीत असलेल्या माणसाला या वाटेनं नेणं वैद्यकधर्माला धरून होणार नाही. शिवाय सीसीआर-५चा तो दुर्मीळ बिघाड मुख्यतः उत्तर युरोपीय वंशात आढळतो, भारतीयांत तो अगदी क्वचित. तरीही या उदाहरणांचं मोल मोठं आहे. साठा संपवता येतो, हे त्यांनी सिद्ध केलं. जिनिव्हाच्या एका रुग्णाच्या दात्यात तर तो बिघाड नव्हताच आणि तरीही विषाणू दीर्घकाळ परतला नाही. दात्याच्या प्रतिकारपेशींनी रुग्णाच्या जुन्या पेशी शोधून मारल्या, त्यांत सुप्त साठ्याच्या पेशीही गेल्या, असा त्याचा अर्थ लावला जातो.

पण या यशाच्या शेजारीच दोन अपयशं ठेवून पाहायला हवीत. बॉस्टनच्या दोन रुग्णांमध्ये प्रत्यारोपणानंतर विषाणू कुठेच सापडेना, म्हणून औषधं थांबवली. एकाच्या शरीरात तो १२ आठवड्यांनी परतला, दुसऱ्याच्या ३२ आठवड्यांनी. मिसिसिपीत २०१० साली जन्मलेल्या बाळाला जन्मानंतर ३० तासांत उपचार मिळाले, दीड वर्षानं ते खंडित झाले आणि पुढे २७ महिने विषाणू दिसला नाही. जगभर ते बाळ बरं झाल्याचं जाहीर झालं होतं. २०१४ साली विषाणू परतला. यातून एक कसोटी पक्की होते. बरं झाल्याचा पुरावा एकच, औषधाशिवाय गेलेला काळ. रक्ताचा स्वच्छ अहवाल, वजन, सीडी-फोरचा आकडा यांपैकी कशालाच ती जागा घेता येत नाही. आपल्याकडे जडीबुटीनं किंवा कुठल्या भस्मानं एड्स मुळासकट घालवतो असं सांगणारे आजही भेटतात. औषध कायद्याच्या नियमावलीतल्या परिशिष्ट ‘जे’मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा कुठल्याही औषधानं करू नये अशी यादी आहे, आणि तिच्यात एड्सचं नाव पहिलं आहे. दावा करणारा बहुतेक वेळा एआरटी चालू असतानाचाच स्वच्छ अहवाल पुढे करतो, आणि त्या अहवालाचं श्रेय गोळीचं असतं. त्याच्यावर विश्वास ठेवून गोळी सोडली तर काय होतं, हे ‘स्मार्ट’ या मोठ्या अभ्यासानं दाखवलं आहे. ५,४७२ जणांच्या त्या अभ्यासात सीडी-फोर चांगले असताना औषधं थांबवणाऱ्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू अडीच पटींहून जास्त झाले, म्हणून २००६ साली औषधं थांबवणं तिथेच बंद करावं लागलं.

संशोधकांनी या सुप्त पेशींवर चार बाजूंनी हात घातला आहे. पहिली वाट म्हणजे झोपलेल्या पेशीला औषधानं उठवायचं, म्हणजे तिच्यातला विषाणू उघडा पडेल आणि प्रतिकारशक्ती तिला मारेल. कर्करोगावरचं व्होरिनोस्टॅट हे औषध त्यासाठी वापरून पाहिलं. २०१२ साली ते विषाणूची जनुकं जागी करतं हे दिसलं, पण ब्रिटनमधल्या ‘रिव्हर’ चाचणीत त्याला लशीची जोड देऊनही साठा घटला नाही. जागं करणं जमलं, मारणं जमलं नाही. दुसरी वाट नेमकी उलटी, विषाणूला इतकं गाढ निजवायचं की तो कधी उठणारच नाही. या कल्पनेला निसर्गातला आधार आहे. औषधाशिवाय विषाणूला काबूत ठेवणारे फार थोडे लोक असतात, शंभरात एकाहूनही कमी. २०२० साली त्यांच्या पेशी तपासल्या, तेव्हा विषाणूची शाबूत अक्षरं बऱ्याचदा जनुकसंचाच्या अशा ओसाड भागात सापडली, जिथलं काही सहसा वाचलंच जात नाही. तिसरी वाट क्रिस्परची, म्हणजे ती ९,७०० अक्षरं कातरून काढण्याची. पहिल्या मानवी चाचणीत ती पद्धत सुरक्षित वाटली, पण औषधं थांबवलेल्यांमध्ये विषाणू परतला, कारण शरीरातल्या प्रत्येक लपलेल्या पेशीपर्यंत कात्री पोचत नाही. २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी कोविडच्या लशीत वापरतात तशा स्निग्ध कणांत एमआरएनए भरून प्रयोगशाळेत विश्रांत पेशींपर्यंत पोचवलं, ही या अडचणीवरची आशेची बाब. चौथी वाट प्रभावी प्रतिपिंडांची, म्हणजे काही संसर्गितांच्या शरीरात तयार झालेल्या आणि अनेक प्रकारच्या एचआयव्हीला निष्प्रभ करणाऱ्या प्रथिनांची. ही प्रतिपिंडं विषाणूला अडवतात, शिवाय रुग्णाच्या प्रतिकारशक्तीला तो ओळखायला शिकवतात असंही दिसतं आहे.

आता या सगळ्यात आपण कुठे आहोत? सुप्त साठ्यावरचं बहुतेक मूलभूत काम अमेरिका आणि युरोपात झालं, तिथे एचआयव्हीचा ‘बी’ उपप्रकार आढळतो आणि अभ्यासात सहभागी झालेले बहुतेक पुरुष होते. भारतातल्या लागणींत ‘सी’ उपप्रकार प्रचंड बहुसंख्य आहे. जगातल्या एकूण लागणींपैकी साधारण निम्म्या त्याच्याच. हा फरक किरकोळ नाही. विषाणूच्या मजकुराच्या सुरुवातीला एक भाग असतो, तो पेशीच्या संदेशानुसार जनुकं वाचायला सुरुवात करतो किंवा थांबवतो. सुप्तावस्थेची कळ तीच. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन या भागातल्या ठरावीक जागांवर बसलं की विषाणू जागा होतो. ‘बी’ प्रकारात अशा जागा साधारण दोन असतात, ‘सी’ प्रकारात तीन. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातले उदयकुमार रंगा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली भारतात चार जागा असलेले ‘सी’ विषाणू पसरत असल्याचं दाखवलं. कळच वेगळी असेल, तर ती दाबणारं किंवा कायमची बंद करणारं औषध आपल्या रुग्णांत तितकंच चालेल, हे गृहीत धरता येत नाही, तपासावं लागतं. दक्षिण आफ्रिकेनं ते तपासायला घेतलं आहे. तिथल्या ‘सी’ प्रकारची लागण झालेल्या वीस तरुण स्त्रियांवर प्रतिपिंडं आणि प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध यांची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली मांडले गेले. वापरलेल्या प्रतिपिंडांपैकी एक मुळात दक्षिण आफ्रिकेतल्याच एका संसर्गित स्त्रीच्या रक्तातून मिळालं होतं. बहुतेकींत विषाणू परतला, तरी काही जणी औषधाशिवाय दीर्घकाळ त्याला आवरू शकल्या. या स्त्रियांची लागण अगदी सुरुवातीच्या दिवसांत ओळखली गेली होती आणि उपचारही लगेच सुरू झाले होते, हे इथे फार महत्त्वाचं आहे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की एका गोळीवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो आणि त्याच्यापासून लागणही होत नाही, मग कायमच्या इलाजावर पैसा आणि वेळ का घालवायचा? आक्षेपातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि त्याच्या पुराव्यात आपला वाटा आहे. जोडीदारांपैकी एकालाच लागण असलेल्या १,७६३ जोडप्यांच्या ‘एचपीटीएन ०५२’ अभ्यासात लवकर दिलेल्या उपचारांमुळे जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ साली दिसलं. त्या अभ्यासाच्या केंद्रांपैकी एक पुण्याच्या भोसरीतली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती आणि दुसरं सुनीती सॉलोमन यांनी स्थापन केलेली चेन्नईची संस्था. पण देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, त्यातली चार लाखांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात, आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा आहे. वीस वर्षांच्या मुलीला पुढची पन्नास वर्षं रोज गोळी घ्यायची आहे. ती लग्न होऊन नव्या घरी जाईल, कामासाठी गाव बदलेल, तेव्हा प्रत्येक वेळी केंद्र बदलून घ्यावं लागेल आणि डबा कुणाला दिसू नये म्हणून जपावं लागेल. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं भेदभावाला बंदी घातली, तरी लोकलज्जा कायद्यानं एका रात्रीत जात नाही. सरकारी पुरवठा आणि परदेशी मदत या दोन्हींवर टिकलेली व्यवस्था पन्नास वर्षं जराही डगमगणार नाही, असं मानणंही भाबडेपणाचं आहे. गोळी उत्तम आहे, म्हणून इलाजाची गरज संपली, हा निष्कर्ष ज्याला रोज गोळी घ्यावी लागत नाही, त्यानंच काढलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. क्रिस्पर, प्रतिपिंडं हे सगळं महागडं आहे. ज्या तालुक्यात पावसाळ्यात डोंगरातल्या वाड्यांचे रस्ते बंद पडतात, तिथल्या माणसाला या संशोधनाचा काय उपयोग? त्यापेक्षा गोळी वेळेवर पोचवण्यावरच भर द्या. २००१ पूर्वी तीन औषधांच्या उपचाराबद्दलही हेच म्हटलं जात होतं, आणि मुंबईतल्या कंपनीनं ते खोटं ठरवलं, हे एक उत्तर. पण खरं उत्तर साठ्याच्या जडणघडणीत आहे. साठा लागणीच्या पहिल्या काही दिवसांतच बनायला सुरुवात होते. माकडांवरच्या २०१४ च्या प्रयोगात लागणीनंतर तिसऱ्या दिवशी औषध सुरू करूनही तो बनलेला होता. त्यानंतर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक महिन्यात तो वाढतो आणि त्यातल्या विषाणूंची विविधताही वाढते. लवकर उपचार झालेल्यांचा साठा लहान आणि कमी विविध असतो. पुढे येणारा कुठलाही इलाज, प्रतिपिंडांचा असो वा जनुकांचा, अशाच शरीरात यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण तिथे पोचायच्या पेशी थोड्या आणि ओळखायचे विषाणू एकसारखे असतात. गोळीत पडलेला प्रत्येक लांब खंड याउलट काम करतो. विषाणू उसळतो, नव्या पेशींत शिरतो, काही वेळा औषधाला न जुमानणारा होऊन बसतो, आणि साठा पुन्हा भरतो. म्हणजे गर्भवतीची वेळेवर केलेली तपासणी, ग्रामीण रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात आलेल्या तरुणाला पहिल्याच भेटीत विश्वासात घेणं, मुंबईला निघालेल्या कामगाराच्या हाती दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि तिथल्या केंद्राची चिठ्ठी देणं, मुसळधार पावसाआधी मोरगिरी किंवा ढेबेवाडीच्या वाडीत पुरेसा साठा पोचवणं, ही सगळी कामं कायमच्या इलाजाच्या पूर्वतयारीची आहेत. तालुका पातळीवरची शिस्त आणि प्रयोगशाळेतली प्रगती यांच्यात एकच पैसा वाटून घ्यायचा झगडा नाही. पहिली नसेल तर दुसरी आपल्या माणसांच्या कामाला येणार नाही.

म्हणून मागणी दोन्ही टोकांना करायला हवी. सरकारकडे ही, की व्हायरल लोडची तपासणी वेळेवर व्हावी, एआरटी केंद्रांत औषधांचा तुटवडा कधी पडू नये आणि स्थलांतर करणाऱ्याला एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाणं सोपं असावं. संशोधनसंस्थांकडे ही, की सुप्त साठ्याचा अभ्यास भारतातल्या ‘सी’ विषाणूवर, भारतीय स्त्री-पुरुषांच्या पेशींवर आणि त्यांच्या पूर्ण संमतीनं व्हावा. भोसरीची संस्था १९९२ पासून याच विषाणूवर काम करते आहे, नवं नाव घेतल्यावर तिचं कार्यक्षेत्रही वाढलं आहे, आणि वर्षानुवर्षं चोख गोळ्या घेणारे रुग्ण तिच्यापासून काही तासांच्या अंतरावर, साताऱ्यात आणि सांगलीत आहेत. जगात अशा अभ्यासाला जे लागतं ते सगळं इथे आहे. औषधं थांबवून पाहायची चाचणी मात्र डॉक्टरांच्या नजरेखाली, दर आठवड्याच्या तपासणीनं आणि विषाणू दिसताच गोळी पुन्हा सुरू करण्याच्या अटीवरच होऊ शकते. घरच्या घरी गोळी सोडून कुणी विज्ञानाला मदत करत नाही, फक्त स्वतःचा साठा वाढवतो. ज्यानं गोळी सोडली नाही, त्यानं आपल्या शरीरातल्या शत्रूला दहा लाख पेशींमागे एका पेशीत कोंडून ठेवलं आहे. उद्याचा इलाज त्या एका पेशीपर्यंत पोचायला निघाला आहे, आणि तो जेव्हा येईल तेव्हा सर्वांत आधी उपयोगी पडेल तो अशाच माणसाला.